सिजेसचे सण: बार्सिलोनाजवळच्या किनाऱ्यावर पाहुणा म्हणून कसं सामील व्हावं

स्पेनला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी विमानाचं तिकीट निघतं, मग हॉटेल ठरतं, आणि तिकडे त्या दिवसांत काय चाललंय हे सगळ्यात शेवटी पाहिलं जातं. सिजेसच्या बाबतीत हा क्रम उलटा करा. आधी सण निवडा, मग तारीख, मग राहायची जागा आणि तिकीट सगळ्यात शेवटी. बार्सिलोनाच्या नैऋत्येला साधारण ४० किलोमीटरवर, गाराफचे डोंगर आणि भूमध्य समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव आहे. उन्हाळ्यात किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण त्या गर्दीतली बहुतेक माणसं वाळूवर येतात आणि वाळूवरूनच परत जातात. मागच्या गल्ल्यांत गावाचं स्वतःचं आयुष्य चालू असतं आणि ते सणांच्या दिवशी दारं उघडून बाहेर येतं.

मी बरीच वर्षं बार्सिलोनात राहते. पुण्या-नाशिकहून येणाऱ्या नातेवाइकांना घेऊन सिजेसला इतक्या वेळा गेले की कुणाला कधी न्यायचं, कुठे उभं करायचं, काय घालायला सांगायचं हे आता हाताला बसलंय. तेच इथे क्रमाने लिहितेय.

आधी नावाबद्दल. लिहिताना त्यात 'ट' येतो, पण तिथली माणसं 'सिजस'च्या जवळ जाणारा उच्चार करतात. तिकीट खिडकीवर 'सिजेस' म्हटलं तर लगेच समजतं. गावात कातालान आणि स्पॅनिश दोन्ही भाषा चालतात, पण सणांची भाषा कातालान. म्हणून खाली दिलेली नावं तीच आहेत.

पहिली पायरी: कोणता सण?

वेळ एकदाच काढता येणार असेल तर ऑगस्टमधला फेस्ता माजोर गाठा. हा गावच्या ग्रामदैवताचा उत्सव, आपल्या जत्रेसारखा. गावचा रक्षक संत सान बार्तोमेऊ, त्याचा दिवस २४ ऑगस्ट. त्याच्या जोडीला सांता तेक्ला, तिचा दिवस २३ सप्टेंबर. समुद्रात घुसलेल्या खडकावर जे चर्च प्रत्येक फोटोत दिसतं, ते या दोघांच्या नावाचं आहे. ऑगस्ट जमत नसेल तर सप्टेंबरमधला सांता तेक्लाचा उत्सव धरा. तो लहान असतो, गर्दी कमी असते, लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर मला तोच जास्त आवडतो.

या दोन तारखा पक्क्या. कार्निव्हल (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळापूर्वीचा धमालीचा सण) आणि कॉर्पस (ख्रिस्ताच्या पवित्र देहाचा सण) मात्र दरवर्षी सरकतात, कारण ते ईस्टरवरून ठरतात आणि ईस्टर चंद्रावरून. तिथीची सवय असलेल्या माणसाला हे गणित जड नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तिथून ४७ दिवस मागे गेलं की कार्निव्हलचा मंगळवार, ६० दिवस पुढे गेलं की कॉर्पसचा गुरुवार. २०२७मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे कार्निव्हलचा मंगळवार ९ फेब्रुवारी, कॉर्पसचा गुरुवार २७ मे आणि त्यापुढचा रविवार ३० मे. हे लिहून ठेवा, कारण फुलांचे गालिचे पाहायचे असतील तर तो रविवारच महत्त्वाचा.

दुसरी पायरी: राहणं आणि जाणं

सणाच्या दिवसांत गावात खोली मिळणं कठीण, आणि मिळाली तरी महाग. ऑगस्टसाठी निदान चार-पाच महिने आधी पाहा. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: १९६८पासून इथे भय आणि अद्भुत चित्रपटांचा मोठा महोत्सव भरतो आणि त्या आठवड्यात दर पुन्हा वर जातात.

माझा सल्ला असा की फेस्ता माजोरला २३ ऑगस्टची एक रात्र तरी गावातच काढा, कारण दुसऱ्या दिवसाची पहाट चुकवण्यासारखी नाही. बाकीचे दिवस बार्सिलोनात राहिलात तरी चालतं. सांत्स किंवा पासेज दे ग्रासिया स्थानकावरून आर-२ सूद ही उपनगरी गाडी पाऊण तासाच्या आत सिजेसला पोचवते. जाताना डाव्या हाताच्या खिडकीपाशी बसा. गाराफच्या बोगद्यांमधून मधेमधे समुद्र अचानक अंगावर येतो. विमानतळावरून थेट जायचं असेल तर बस सोयीची. रेल्वेने जायचं तर विमानतळावरच्या गाडीने एल प्रात स्थानकापर्यंत यायचं आणि तिथे गाडी बदलायची. रात्रीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते त्या दिवशी स्थानकावरच विचारून घ्या. सणाला वेळापत्रक बदलतं.

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑगस्टच्या प्रवासासाठी जुलैपर्यंत थांबू नका, भेटीच्या वेळा त्याआधीच भरून गेलेल्या असतात.

तिसरी पायरी: बॅगेत काय?

याबद्दल मी जरा आग्रहाने सांगते. एका वर्षी नाशिकहून आलेल्या वहिनींनी फेस्ता माजोरच्या संध्याकाळी जॉर्जेटची ओढणी घेतली होती. सैतानांच्या नाचात (हातात फटाके घेऊन करतात तो, पुढे सांगते) एक ठिणगी ओढणीवर पडली, काठाशी बोटाएवढं भोक पडलं आणि कडा वितळून आकसल्या. त्वचेपर्यंत पोचलं नाही म्हणून बरं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी आधी ओढणी काढून हातात घेतली, मग स्वतःची सुती टोपी वहिनींच्या डोक्यावर घातली आणि पुढे निघून गेल्या.

तेव्हा आगीच्या मिरवणुकीसाठी जुने, जाड, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. नायलॉन, पॉलिस्टर, जॉर्जेट यांपैकी काहीही नको. पाय झाकणारे बूट घाला, चपला नकोत. केस बांधून सुती रुमालाखाली किंवा टोपीखाली घ्या. डोळ्यांना साधा चष्मा असला तरी पुरे. कानात घालायला कापसाचे बोळे ठेवा, गल्ल्या अरुंद असल्यामुळे आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. लहान मूल कडेवर असेल तर आगीच्या जवळ जाऊच नका, लांबून पाहा.

फेब्रुवारीत कार्निव्हलला रात्री चांगलीच थंडी असते, समुद्रावरचं वारं हाडात शिरतं. वेषभूषेच्या आतून लोकरी कपडे घाला. तिथली माणसंही हेच करतात.

चौथी पायरी: फेस्ता माजोरचे दोन दिवस

नगरपालिका उत्सवाचा छापील कार्यक्रम काढते. गावात पोचल्यावर पहिलं काम तो मिळवणं. वेळा त्यावरूनच घ्या. मी इथे फक्त क्रम सांगते.

२३ तारखेला दुपारी चर्चच्या घंटा जोरात वाजू लागतात, तोफांसारखे बार उडतात आणि उत्सव सुरू होतो. त्या वेळी चर्चजवळच्या नगरपालिकेच्या चौकाच्या आसपास असा. संध्याकाळी सगळी नृत्यपथकं गल्ल्यांमधून निघतात. एकामागून एक इतकं काही येतं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय पाहू आणि काय नको असं होतं. म्हणून काय ओळखायचं ते आधी सांगते.

सगळ्यात उंच असतात ते जेगांत, राजा-राणीसारख्या जोड्यांचे महाकाय पुतळे. आत एक माणूस असतो, तो सगळा भार खांद्यावर घेऊन गिरक्या घेतो. यात क्यूबाचं नाव लावणारी एक जोडी आहे, तिच्याकडे नीट पाहा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या गावची कितीतरी तरुण मुलं क्यूबा आणि पोर्तो रिकोला गेली, तिकडे पैसा कमावून परतली आणि त्यांनी इथे वाडे बांधले. गावात आजही क्यूबा बेटाच्या नावाची गल्ली आहे. बाकार्दी रमचा संस्थापक फाकुन्दो बाकार्दी १८१४मध्ये इथेच जन्मला आणि त्याने १८६२मध्ये क्यूबात आपला कारखाना काढला. गाव सोडून गेलेल्या मुलांची आठवण गावाने मिरवणुकीत नाचती ठेवली आहे. घर सोडून परदेशी राहणाऱ्या मला ती जोडी समोर आली की थांबावंच लागतं.

जेगांतांच्या पायाशी मोठ्या डोक्यांचे मुखवटे घातलेली मुलं पळत असतात. मागून बास्तोन्स येतात, म्हणजे काठ्या एकमेकांवर आपटत केलेला नाच. टिपऱ्यांशी त्याचं साम्य कुणालाही लगेच जाणवेल, पण इथल्या काठ्या जाड असतात आणि घाव पूर्ण ताकदीचा. शिवाय कड्यांचा नाच, मेंढपाळांचा नाच, गरुड, तोंडातून आग सोडणारा द्राक म्हणजे ड्रॅगन आणि दियाब्लेस, म्हणजे सैतान. सैतानांच्या हातात लांब दांडा आणि त्याच्या टोकाला गरगर फिरणारे फटाके. ढोल घुमतात, ठिणग्यांची छत्री उघडते आणि तिच्याखाली गावची पोरं नाचतात. मधेच नाच थांबवून सैतान पद्यात बोलतात. त्यात गावच्या कारभाऱ्यांना टोमणे असतात आणि ते टोमणे ऐकायला कारभारीही समोर उभे असतात.

आगीपाशी वागायचे नियम थोडेच आहेत, पण सगळे पाळतात. सैतानाच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याच्या दांड्याला किंवा कपड्यांना हात लावायचा नाही, त्याच्यावर पाणी टाकायचं नाही आणि वरच्या गॅलऱ्यांतून पाणी मागायचं नाही. ओल्या फरशीवर आगीसह नाचणाऱ्याचा पाय घसरतो. ठिणगी अंगावर आलीच तर हाताने झटकू नका, पाठ करून खाली वाका. ठिणग्यांच्या खाली जायचं नसेल तर भिंतीला लागून, दुकानाच्या दारापाशी उभे राहा.

या सगळ्या गदारोळात एक पथक वेगळं आहे. पांढरे कपडे घातलेली माणसं संथ सुरावर एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढून आकृत्या रचतात आणि स्तब्ध होतात. ही मोशिगांगा. येशूच्या अखेरच्या दिवसांतले प्रसंग ते शरीराने उभे करतात. फटाक्यांच्या धुरातून हे पथक येतं तेव्हा गल्ली आपोआप शांत होते. तुम्हीही बोलणं थांबवा.

रात्री दारूकाम. चर्चच्या खडकावरून आतषबाजी होते आणि तिचं प्रतिबिंब समुद्रात पडतं. पाहायला फ्रागाता किनाऱ्याची वाळू किंवा पासेज दे ला रिबेरा हा पामच्या झाडांच्या ओळीतला रस्ता. जेवण लवकर उरकून, किंवा बरोबर बांधून घेऊन, दीड-दोन तास आधी जाऊन बसा. चर्चच्या अगदी पायथ्याशी जाण्याचा मोह टाळा. तिथून मान दुखते आणि प्रतिबिंब दिसत नाही.

आता ती पहाट. २४ तारखेला अजून पुरतं उजाडलेलं नसताना ग्राया वाजवणारे गल्लीबोळांतून गाव जागं करत फिरतात. ग्राया हे लाकडी वाद्य, दुहेरी जिभेचं, सनईच्याच जातीचं, पण आखूड आणि आवाजाला जास्त टोकदार. मी पहिल्यांदा तो सूर ऐकला तेव्हा खोलीच्या गॅलरीत अनवाणी उभी होते. खाली तीन वादक आणि एक लहान ढोल, बस्स. समोरच्या घरातल्या आजींनी लाकडी झडप उघडली, झोपेतून उठल्या तशाच कठड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि वादक वळणावरून दिसेनासे होईपर्यंत हलल्या नाहीत. लग्नघरातली पहाट आठवून माझा गळा दाटून आला. खोली गावातच घ्या असं मी म्हणते ते यासाठी.

सकाळी चर्चमध्ये मुख्य प्रार्थना असते. आत जायचं तर खांदे झाकलेले हवेत, फोन बंद आणि शेवटच्या बाकांवर बसायचं. पुढची जागा गावकऱ्यांची. संध्याकाळी संताची मूर्ती मिरवणुकीने निघते, पुढे सगळी पथकं आणि मागे मूर्ती. मिरवणूक परत चर्चपाशी येते तेव्हाचा क्षण या दोन दिवसांचा कळस. सगळी पथकं एकाच वेळी नाचत असतात, घंटा, ग्राया, ढोल, फटाके सगळं एकत्र आणि त्यातून मूर्ती आत जाते. जागा हवी असेल तर मिरवणुकीच्या मागे फिरत बसू नका, ती गावात असतानाच चर्चच्या बाजूला येऊन उभे राहा.

पाचवी पायरी: मानवी मनोरा पाहायला शिका

हा भाग मी मुद्दाम लांबवतेय, कारण मराठी माणसाला इथे घरचं काहीतरी भेटतं. कातालुन्यातल्या, म्हणजे बार्सिलोना आणि सिजेस ज्यात येतात त्या प्रांतातल्या, मानवी मनोऱ्याला कास्तेल म्हणतात. ही परंपरा वाल्स गावाच्या परिसरातली, दोन शतकांहून जुनी. युनेस्कोने २०१०मध्ये तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सिजेसचं स्वतःचं पथक आहे आणि शेजारच्या विलाफ्रांका गावचं पथक तर कातालुन्यातल्या सर्वांत बलाढ्य पथकांपैकी एक. हेच विलाफ्रांकाचे कास्तेलेर्स, म्हणजे मनोरे रचणारे, दहीहंडीला ठाण्यात येऊन थर लावून गेले आहेत. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना 'गोविंदा' हा शब्द सांगितला तर ओळखीचं हसू दिसण्याची शक्यता बरीच.

गोविंदा पथकं पाहिलेल्या डोळ्यांना काही फरक समजून घ्यावे लागतात. इथे हंडी नसते, फोडायचं काही नसतं. मनोरा उभा राहिला म्हणजे अर्धंच काम झालं, तो न कोसळता थराथराने उतरवला तरच पुरता जमला असं मानतात. मनोऱ्याचं नाव आकड्यांत सांगतात. 'आठाचा तीन' म्हणजे माथ्याचे थर सोडून प्रत्येक थरात तीन माणसं आणि एकूण आठ थर. खाली जी माणसांची दाट गोलाकार गर्दी असते ती पिन्या. वरचा भार पेलायला ती मदत करते आणि कुणी पडलं तर झेलते. कमरेला गुंडाळलेला लांबलचक काळा पट्टा म्हणजे फाशा. तो पाठीला आधार देतो आणि वर चढणाऱ्याला पाय टेकवायला पायरीही होतो. पट्टा बांधताना एक जण टोक ताणून धरतो आणि दुसरा स्वतःभोवती गिरक्या घेत त्यात गुंडाळला जातो. मनोऱ्याइतकंच हेही पाहण्यासारखं आहे.

सगळ्यात वर जाते ती एन्शानेता, हेल्मेट घातलेली लहान मुलगी किंवा मुलगा. ती माथ्यावर पोचून एक हात वर करते, तो क्षण म्हणजे मनोरा पूर्ण. टाळ्या तेव्हाच. त्याआधी ओरडू नका, शिट्टी मारू नका. ग्रायाचा सूर पिन्या बंद झाल्यावर सुरू होतो आणि आतल्या माणसांना वर काय चाललंय ते केवळ त्या सुरावरून कळतं, कारण त्यांना मान वर करायची परवानगी नसते. तुमच्या आरडाओरड्यात तो सूर हरवला तर खालचे आंधळे होतात. हात वर झाल्यावर टाळ्या वाजवा आणि पुन्हा गप्प व्हा. उतरतानाही मनोरा कोसळू शकतो.

आणि हो, पाहुण्यालाही पिन्यात घेतात. पथकातलं कुणी हाताने बोलावलं, किंवा तुम्ही कडेला उभं राहून नम्रपणे विचारलं, तर बहुतेकदा जागा मिळते. आत जाण्याआधी चष्मा, घड्याळ, कानातले, बांगड्या काढा, खिसे रिकामे करा. पुढच्या माणसाच्या खांद्यामागे हात टेकवा, हनुवटी छातीला लावा आणि सांगेपर्यंत हलू नका. माझ्या मागे एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी माझे तळवे धरून इंचभर खाली सरकवले, कोपर सरळ केलं आणि नुसतं "आसी", म्हणजे 'असं', म्हणाले. पुढची दोन मिनिटं मला समोरच्या सदऱ्याचा घामाने भिजलेला कापड आणि मागून येणारा त्यांचा श्वास एवढंच जग होतं. वरून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा कळलं की मुलगी वर पोचली.

मनोऱ्यांचा नाद लागलाच तर ३० ऑगस्टला विलाफ्रांकाला जा. तो त्यांच्या सान फेलिक्सचा दिवस, आणि त्या चौकात वर्षातल्या सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी काही पाहायला मिळतात. सिजेसहून मोटारीने अर्धा तास.

सहावी पायरी: कार्निव्हल आणि शातो

हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनमध्ये कार्निव्हलवर बंदी होती. मुखवटा घालून कारभारावर हसणं सत्तेला नकोसंच असतं. सिजेसने तरीही तो सण मरू दिला नाही. एल रेतीरो आणि कासिनो प्रादो या गावातल्या दोन जुन्या मंडळांच्या दालनांत तो आत राहून टिकला. १८७०च्या दशकातली ही मंडळं आजही सणाच्या पाठीशी उभी आहेत. कार्निव्हलला जाणाऱ्याने एकदा तरी त्यांच्या दारावरून जावं.

आठवड्याचा आराखडा असा. गुरुवारी कार्निव्हलचा राजा कार्नेस्तोल्तेस गावात येतो. रविवारी रात्री पहिली मोठी मिरवणूक, तिचं नाव दिसबाउशा, म्हणजे बेबंदपणा. मंगळवारी रात्री दुसरी, एक्स्तेर्मिनी, म्हणजे सर्वनाश. दोन्ही दिवशी दुपारी लहान मुलांची मिरवणूक असते, कुटुंबासह आलेल्यांनी ती गाठावी. बुधवारी राजाचा अंत्यविधी होतो, सार्डिन माशाला पुरतात आणि उपासाचा काळ सुरू होतो. रविवारी बाहेरून आलेल्यांची गर्दी अतोनात असते. मंगळवारी गाव आपल्या लोकांत असतं. मला विचाराल तर मंगळवार. वेषभूषा साधी चालेल, पण काहीतरी करा. आणि नऊवारी नेसून गेलात तर वेषभूषा म्हणून नका सांगू, तुमचा पोशाख म्हणून सांगा. लोक थांबून विचारतात.

या दिवसांचं खाणं म्हणजे शातो. एस्कारोल नावाचा कुरकुरीत, किंचित कडवट पाला, त्यावर खारवून वाळवलेला आणि मग भिजवून खार काढलेला कॉड मासा, ट्यूना, अँचोवी, बारीक ऑलिव्ह आणि वरून दाट लालसर चटणी. चटणीलाही शातोच म्हणतात, आणि तिच्या मूळ गावावरून सिजेस आणि शेजारच्या विलानोवात वाद अजून मिटलेला नाही.

चटणी घरी करायची तर चार जणांसाठी असं करा. न्योरा नावाच्या गोल सुक्या मिरच्या तीन-चार, न मिळाल्या तर बेडगी, पण बिया पूर्ण काढून, कारण ही चटणी तिखट नसते. मिरच्या कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि चमच्याने आतला गर खरवडून घ्या, साल टाकून द्या. मूठभर भाजलेले बदाम, मूठभर भाजलेले हेझलनट, लसणाच्या दोन पाकळ्या आणि मीठ खलबत्त्यात कुटा. व्हिनेगरमध्ये भिजवलेला पावाचा एक तुकडा आणि मिरचीचा गर घालून पुन्हा घोटा. मग ऑलिव्ह तेल बारीक धारेने, घोटत घोटत. सैलसर खोबऱ्याच्या चटणीइतकं दाट झालं की थांबा. मिक्सरमध्ये होते, पण खलबत्त्यातल्या चटणीत बदामाची कणी दाताखाली येते आणि इथल्या आजी ती कणी नसलेल्या चटणीला शातो म्हणत नाहीत.

शाकाहारी मंडळींनी पाला आणि चटणी 'सेन्सा पेश', म्हणजे माशाशिवाय, मागावी. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर ट्यूना ताटात येऊ शकतो. 'सेन्सा कार्न नी पेश', मांसही नको आणि मासाही नको, हे वाक्य पाठ करा. भाजलेली वांगी-ढोबळी मिरचीची एस्कालिवादा, टोमॅटो चोळलेला पाव, मनुका आणि चिलगोजे घातलेला पालक हे जवळपास कुठेही मिळतं.

सातवी पायरी: कॉर्पसची पहाट

कॉर्पसच्या रविवारी जुन्या गावातल्या गल्ल्या कार्नेशनच्या पाकळ्यांच्या गालिच्यांनी भरतात. लोक रात्रीपासून खपतात. रस्त्यावर खडूने आकृती काढायची, पाकळ्या रंगानुसार वेगळ्या करायच्या, भरायच्या, पाणी शिंपडायचं. रांगोळी काढणाऱ्या हातांना हे काम ओळखीचं वाटेल, फक्त इथे एका गल्लीची रांगोळी सगळी गल्ली मिळून काढते. सकाळी लवकर जा, पाकळ्या ताज्या असतात आणि गुडघ्यांवर बसलेली माणसं अजून शेवटचे कोपरे भरत असतात. त्यांना विचारून फोटो काढा. मिरवणूक गालिच्यांवरून जाते आणि मग सगळं विस्कटतं. त्याआधी पाय टाकू नका, कडेकडेने चाला.

बाकीचं वर्ष, थोडक्यात

५ जानेवारीच्या संध्याकाळी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते आणि मुलांवर गोळ्यांचा वर्षाव होतो. दुसऱ्या दिवशीच्या गोल केकमध्ये एक मुकुटवाला छोटा राजा आणि एक वाल लपवलेला असतो, वाल ज्याला मिळेल त्याने केकचे पैसे द्यायचे. २३ एप्रिलला सान जोर्दी, पुस्तक आणि गुलाब भेट द्यायचा दिवस. २३ जूनच्या रात्री सान जोआन, होळ्या आणि फटाके, बरोबर साखरेत मुरवलेल्या फळांचा गोड पाव. शरद ऋतूत द्राक्षतोडणीचा उत्सव. तेव्हा इथली मालवासिया ही गोड वाइन चाखा. १९३०च्या दशकात योपिस नावाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने आपले मळे गावच्या सान जोआन रुग्णालयाला दान दिले, मालवासियाची लागवड चालू ठेवायची या अटीवर, आणि रुग्णालय आजही ती वाइन बनवतं. ३१ ऑक्टोबरच्या सुमारास ती वाइन आणि पानेयेत, म्हणजे बदामाच्या मऊ लाडवांसारखी मिठाई, भाजलेल्या चेस्टनटबरोबर खातात.

वागणं-बोलणं

दुकानात शिरताना सकाळी 'बोन दिया', दुपारनंतर 'बोना तार्दा' म्हणा, मगच काय हवं ते. थेट वस्तू मागणं इथे उद्धट वाटतं. उत्सवात एकमेकांना 'बोना फेस्ता माजोर' म्हणतात, तुम्हीही म्हणा. जेवण दुपारी दोनला आणि रात्री नऊला. मधल्या वेळी बरीच स्वयंपाकघरं बंद असतात, तेव्हा मुलांसाठी काहीतरी जवळ ठेवा. समुद्रावरचे कपडे समुद्रावरच. उघड्या अंगाने गल्ल्यांत किंवा चर्चच्या पायऱ्यांवर फिरणं गावकऱ्यांना खटकतं. गर्दीत आणि गाडीत पाकीट पुढच्या खिशात, पासपोर्ट खोलीवर आणि त्याची प्रत जवळ. अडचण आली तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक.

२५ तारखेला सकाळी परत निघण्याआधी चर्चच्या पायऱ्यांवर एक फेरी मारा. फरशीवर काल रात्रीच्या फटाक्यांच्या जळक्या कागदी नळ्या पडलेल्या असतात, झाडूवाले त्या गोळा करत असतात आणि आपापल्या जागी परत निघालेले जेगांत, हात लोंबकळत, खांद्यांवरून नेले जात असतात. परतीच्या गाडीत या वेळी समुद्र डाव्या हाताला नाही, उजव्या हाताला.